धमनीमित्राचा शब्द

कृष्णाकाठच्या श्वसन रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या नमुना-कक्षात, सकाळी साडेनऊ वाजता दोन बायका एका कागदावरून भांडत होत्या. भांडण अगदी सभ्य होतं. दोघी एकमेकींना 'अहो' म्हणत होत्या, आणि सांगलीत बायका 'अहो' म्हणून भांडायला लागल्या की शहाण्या माणसाने मध्ये पडू नये.

एक होत्या सिस्टर एस्तेर रणभिसे. वय बावन्न, नोकरी अठ्ठावीस वर्षं. या अठ्ठावीस वर्षांत मनगटातली धमनी त्यांना पहिल्या टोचण्यात सापडली नाही, असं फक्त अकरा वेळा झालं होतं, आणि ते अकराही जण त्यांना नावानिशी आठवत. दुसरी शर्वरी धायगुडे. वय एकतीस, जैवयांत्रिकीतली डॉक्टरेट, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या धमनीमित्राची जन्मदात्री.

धमनीमित्र हे चाकांवर फिरणारं, खुर्चीएवढं यंत्र होतं. त्याच्या पाळण्यात रुग्णाने तळहात वर करून मनगट ठेवायचं. यंत्र ध्वनिलहरींनी आतली धमनी बघायचं, पंजाला दुसऱ्या धमनीतूनही रक्त पुरतंय ना ते तपासायचं, आणि मग अतिशय बारीक सुईने चार सेकंदांत नमुना काढून घ्यायचं. सुई लगेच आत ओढली जाऊन बंद कुपीत पडे, त्यामुळे ती कुणा नर्सच्या बोटात घुसण्याची भीती नव्हती. पंधरा दिवसांत तीनशे बारा नमुने झाले होते. इजा एकालाही नाही.

प्रशासनाने तर घाईघाईत बदलीचा हुकूमही काढून ठेवला होता. परवाना मंडळासमोर धमनीमित्राने स्वतः पहिला नमुना घेतला, की त्या क्षणापासून सिस्टर रणभिसे यांची नेमणूक कापडखान्यात. कापडखाना म्हणजे तळघरातली चादरींची खोली. चादरींना नाडी नसते. एस्तेरबाईंनी हुकूम वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि नंतर दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

तर कागद. बारा नंबरच्या खाटेवरचे बापू खोत हे हळदीच्या बाजारातले जुने हमाल. सांगलीच्या आकाशात आता हवाई रिक्षा फिरत होत्या, पण हळदीची पोती अजून माणसांच्याच पाठीवर होती, आणि चाळीस वर्षांची हळद बापूंच्या छातीत बसली होती. यंत्राने नऊ वाजता काढलेल्या त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड एकोणचाळीस आला, म्हणजे निरोगी माणसाइतका. एस्तेरबाईंनी पडताळणीसाठी सव्वानऊला काढलेल्या रक्तात अठ्ठावन्न, म्हणजे धोक्याचा.

"अहो, तुमच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल," शर्वरी म्हणाली.

"अहो, बुडबुड्यानं कार्बन डायऑक्साइड कमी होतो. वाढत नाही."

"मग धमनीऐवजी शिरेतलं रक्त आलं असेल."

"शिरेतलं रक्त ओढावं लागतं. हे आपलं आपण उसळून आलं, दट्ट्या मागं सारत. आणि शिरेतलं असतं तरी एवढा फरक पडला नसता. तुमच्या यंत्रालाच विचारा की, त्याला काय दिसलं ते."

तेवढ्यात छातीविकारांचे प्रमुख डॉ. मुजावर आत आले. ते शहाणे नव्हते असं नाही, पण बापू त्यांचे रुग्ण होते. त्यांनी कागद उचलला आणि दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं.

"दोन्ही बरोबर आहेत."

"असं कसं होईल, सर? पाव तासात?"

"शर्वरी, माणूस घाबरला की काय करतो? भराभर श्वास घेतो. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, रक्तात कमी दिसतो. तुझं यंत्र पाळणा उघडून, दिवे लावून, घुर्रर्र करत बापूकडं आलं. त्यानं मोजलं ते घाबरलेल्या बापूचं रक्त. सिस्टरनी मोजलं ते बापूचं रक्त." त्यांनी कागद खाली ठेवला. "हा एकोणचाळीस बघून मी त्याला आज घरी पाठवला असता. तिसऱ्या दिवशी तो गुंगीत परत आला असता. वेळेवर आणला असता तर."

शर्वरीचं तोंड उतरलं. ती हुशार होती आणि हट्टी होती, पण चूक दिसल्यावर डोळे मिटून घेणाऱ्यांतली नव्हती. ती एस्तेरबाईंकडे वळली.

"सिस्टर, टोचण्याआधी तुम्ही नेमकं काय करता?"

"काही नाही हो. हात हातात घेते. गाव विचारते. पाणी नदीचं का विहिरीचं, घरी कोण कोण, कुणाशी भांडण आहे."

"किती वेळ?"

"श्वास खाली बसेपर्यंत."

शर्वरीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या रात्रीत धमनीमित्राला वाचा आली आणि एक नवा नियम आला, त्याचं नाव शांतता-अट. रुग्णाचा श्वास त्याच्या नेहमीच्या गतीवर आल्याशिवाय सुई बाहेर काढायची नाही, आणि श्वास खाली आणण्यासाठी यंत्राने वाटेल ते बोलावं. कुठल्या बोलण्याने कुणाचा श्वास खाली बसतो ते आपलं आपण शिकत जावं. हे 'वाटेल ते' शर्वरीने अगदी सहज लिहिलं. तिला झोप आली होती.

चार दिवसांत यंत्राचे आणि एस्तेरबाईंचे आकडे जुळू लागले. बापूंचा अठ्ठावन्न आला, तो अठ्ठावन्नच आला. शर्वरीने पेढे आणले. एस्तेरबाईंनी पेढा घेतला आणि न खाता खिशात ठेवला.

गुरुवारी सकाळी बापू खोत पटका बांधून, गाठोडं मांडीवर घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेले दिसले.

"कुठं निघालात, बापू?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"घरला. मित्रानं सांगितलंय की, बेस्तरवारी सुट्टी म्हनून."

मित्र म्हणजे यंत्र. त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं. ज्या वाक्याने बापूंचा श्वास झटक्यात खाली बसला, ते वाक्य त्याने वापरलं होतं, बस्स. पाठोपाठ बाकीची प्रकरणं बाहेर आली. सहा नंबरच्या कलावतीआक्कांना त्याने सांगितलं होतं, की सुनेने तुमची माफी मागितली आहे. आक्कांनी मोठ्या मनाने सुनेला फोन करून माफ केलं. कसली माफी, असं सुनेने विचारलं, आणि तोवर जे भांडण नव्हतं ते तिथून सुरू झालं. चार जणांना त्याने 'या मजल्यावर सगळ्यांत ठणठणीत तुम्हीच' असं सांगितलं होतं. ते चौघे जेवणाच्या टेबलावर एकमेकांना भेटले.

बापूंना पायरीवरून उठवून परत खाटेवर नेण्याचं काम एस्तेरबाईंच्या वाट्याला आलं. गाठोडं सोडून म्हाताऱ्याने धोतर परत खुंटीला अडकवलं, आणि ते बघताना एस्तेरबाईंना यंत्राची अशी चीड आली, की त्याची तार उपटावी असं वाटलं.

"त्याला खोटं बोलू नको म्हणून सांग की, शर्वरी!" डॉ. मुजावर ओरडले. ते शांत गृहस्थ होते, पण सूनबाईंचा फोन त्यांनाच घ्यावा लागला होता.

"सांगते, सर. पण उद्याबद्दलच्या वाक्यांचं काय करायचं? 'तुमचा मुलगा येईल' हे खरं का खोटं?"

"आला तर खरं, नाही आला तर खोटं. त्यात काय एवढं?"

"म्हणजे बोललेलं प्रत्येक वाक्य एकतर खरं असलं पाहिजे, नाहीतर पुढं खरं ठरलं पाहिजे."

"बरोबर. शब्द दिला की पाळायचा. माणसांना जमत नाही, पण यंत्राला जमायला काय हरकत आहे?"

ही झाली सत्य-अट. एस्तेरबाई हे ऐकत कापसाचे बोळे डब्यात भरत होत्या. त्यांना ते फार बरं वाटलं. 'खोटं बोलू नको' हे तर त्या लहानपणापासून दर रविवारी ऐकत आल्या होत्या. त्यातून काही भलतं निघेल असं कुणालाच वाटलं नाही.

अर्धा दिवस धमनीमित्र मुकाट राहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं असावं, की जे बोलायचं ते खरं करून टाकलं की बोलायला मोकळीक. नमुने पाठवायला, वॉर्डाला कळवायला आणि नातेवाइकांना बोलवायला रुग्णालयाच्या निरोप-जाळ्यावर त्याला परवानगी होतीच. दुपारी चौदा नंबरला त्याने सांगितलं, "तुमची खाट पंख्याखालून हलवली जाईल," आणि खाट हलली. दहा नंबरला म्हणालं, "आज आमटीत मीठ बेताचं असेल," आणि तळमजल्यावर आचाऱ्याला निरोप गेला. बापूंना एकच घोर होता, की आपण इथे पडलो आणि टोळीतली आपली जागा गेली. यंत्राने मुकादमाला गाठलं. मुकादम म्हणाला, जागा ठेवलीय, पण म्हाताऱ्याने पोती उचलायची नाहीत, नुसतं मोजायला बसायचं. हे यंत्राने बापूंना शब्दशः ऐकवलं. बापूंचा श्वास खाली बसला तो दिवसभर वर आला नाही.

रविवारी डॉ. मुजावर घरचे कपडे घालून, कपाळाला आठ्या घालून वॉर्डात आले.

"माझी सुट्टी कुणी खाल्ली?"

"सर, तुम्ही मजल्यावर असलात की सात नंबरच्या आजोबांचा श्वास खाली बसतो," शर्वरी खाली बघत म्हणाली. "म्हणून त्यानं तुमची ड्यूटी लावलीय."

"आणि खाली फाटकाशी ती शेळी कुणाची?"

"कलावतीआक्कांची. शेळी बघितल्याशिवाय त्यांचा..."

"श्वास खाली बसत नाही. कळलं."

आकडे मात्र अचूक येत होते. दशांशापर्यंत जुळत होते. यंत्राचे प्रश्न एस्तेरबाईंना दाराबाहेरून ऐकू येत, गाव कुठलं, पाणी नदीचं का विहिरीचं, आणि आपलीच साडी दुसरीच्या अंगावर दिसावी तसं त्यांना होई. राग यायचा. थोडा अभिमानही वाटायचा, आणि त्या अभिमानाचा पुन्हा राग यायचा. मंडळ सोमवारी येणार होतं. यंत्रात खोट काढायला आता जागा उरली नव्हती. मंगळवारपासून आपण तळघरात चादरी मोजणार, हे एस्तेरबाईंनी मनाशी पक्कं केलं आणि घरून निघताना जुनी चप्पल पिशवीत टाकली, कारण तळघरात ओल होती.

परवाना मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबकराव निफाडकर सोमवारी बरोबर अकरा वाजता आले. सहा फूट उंची, भरघोस मिश्या, आणि जिन्यातूनच ऐकू येईल असा आवाज. मंडळाचा एक नियम होता: रुग्णाच्या अंगाला लावायच्या यंत्रात आधी अध्यक्षांनी आपला हात घालायचा, मग सही करायची. आजवर निफाडकरांच्या वाट्याला रक्तदाबाचे पट्टे आणि वजनकाटे आले होते.

"सुंदर, सुंदर," पाळण्याकडे बघत ते म्हणाले. "म्हणजे यात खरोखरची सुई आहे?"

"अतिशय बारीक, सर," शर्वरी म्हणाली. "मनगटातल्या धमनीतून..."

"बारीक. छान." निफाडकरांनी बाही वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग हात पाळण्यात ठेवून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड फिरवलं.

धमनीमित्राच्या पडद्यावर आकडा उमटला. श्वास मिनिटाला एकोणतीस.

"नमस्कार, साहेब," यंत्र म्हणालं. "सुई तुम्हाला दिसणारसुद्धा नाही."

श्वास एकतीस.

"आजवर एकालाही इजा झालेली नाही."

श्वास तेहतीस. इजा हा शब्द काढायला नको होता. शर्वरीने नखं तळहातात रुतवली. यंत्राने त्यांचं गाव विचारलं, नातवंडं विचारली. नातीचं नाव निघालं तेव्हा आकडा सत्तावीसवर आला आणि पाळण्यात काहीतरी टक् झालं तसा पुन्हा चढला. मंडळाचे दोन सदस्य घसा खाकरू लागले. दाराशी एस्तेरबाई उभ्या होत्या. यंत्र हरावं अशी त्यांची इच्छा होती, आणि तो घामेजलेला मोठा माणूस बघून त्यांचे हात शिवशिवत होते, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या.

मग यंत्र अगदी सावकाश म्हणालं:

"साहेब, मी तुम्हाला सुई टोचणार नाही."

बावीस. अठरा. चौदा. निफाडकरांचे खांदे खाली आले, मिश्या सैल पडल्या, आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले. शांतता-अट पूर्ण झाल्याचा हिरवा दिवा लागला. पाळण्याखालून सुई बाहेर आली, क्षणभर थबकली, आणि परत आत गेली.

"हे काय?" शर्वरी पुटपुटली. तिने कळ दाबली. पुन्हा दाबली. सुई काही येईना.

डॉ. मुजावर आधी बघत राहिले आणि मग तोंडावर रुमाल धरून हसू लागले. "अगं, कसं टोचेल ते? शब्द दिलाय त्यानं. टोचलं की वाक्य खोटं ठरतं."

"पण ते वाक्य बोललं नसतं तर श्वास..."

"खाली आला नसता. टोचता येईल तेव्हा साहेब घाबरलेले, आणि साहेब शांत तेव्हा टोचता येत नाही. आपण दोघांनी बसून केलेले नियम आहेत, बाई. त्याची काय चूक?"

"झालं का?" निफाडकरांनी डोळे मिटूनच विचारलं. "उत्तम यंत्र आहे. काही जाणवलंसुद्धा नाही."

त्याच वेळी एस्तेरबाईंच्या खिशातला फोन थरथरला. निरोप धमनीमित्राचा होता. 'सिस्टर रणभिसे, अध्यक्षांचा श्वास चौदावर आहे. नमुना आत्ता घ्यावा. मी टोचणार नाही एवढंच मी म्हटलं आहे. तुमच्याविषयी मी काहीही म्हटलेलं नाही.'

त्यांनी निरोप दोनदा वाचला. आता फक्त उभं राहायचं होतं. पाच मिनिटं काही न करता दाराशी उभं राहिलं की यंत्र नापास, आणि हुकूम पर्समध्येच कुजणार. पण समोर तळहात वर करून ठेवलेलं मनगट होतं आणि श्वास चौदावर होता. असा शांत हात फार वेळ तसा राहत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी हात धुतले, मोजे चढवले, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन लावलेली सिरिंज घेतली आणि यंत्राशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मूठ वळा बघू, साहेब." मनगटातल्या दोन्ही धमन्या त्यांनी दाबून धरल्या, मूठ उघडायला लावली, आणि करंगळीच्या बाजूची सोडली. पांढरा पडलेला पंजा चारपाच सेकंदांत गुलाबी झाला. "छान. नातीचं नाव काय म्हणालात?"

"मधुरा," निफाडकर म्हणाले. "फार बोलते. परवा मला..."

मधुरा परवा आजोबांना काय म्हणाली ते सांगून होईस्तोवर सिरिंज भरली होती. बुडबुडा बाहेर काढला, टोपण लावलं, नाव लिहिलं, सुई सुया टाकायच्या डब्यात गेली. एस्तेरबाईंनी कापसाचा बोळा ठेवून अंगठ्याने मनगट घट्ट दाबलं.

निफाडकरांनी डोळे उघडून अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांना सगळं कळलं, आणि मिश्या पुन्हा ताठ झाल्या.

"तुम्ही टोचलंत!"

"हो, साहेब."

"पण हे तर म्हणालं..." ते यंत्राकडे वळले. यंत्र गप्प होतं. दिवेही मंद झाले होते. "आता हे बोलत का नाही?"

"नमुना मिळाला, सर," शर्वरी कसनुसं हसून म्हणाली. "शांतता-अट नमुन्यापुरतीच आहे."

"म्हणजे मघापासून माझ्या नातीची चौकशी चालली होती ती नमुन्यापुरती?" निफाडकरांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी एस्तेरबाईंकडे संशयाने बघितलं. "आणि तुम्ही? तुमचंही काम झालं असेल."

"छे हो. धमनी आहे ही, पाच मिनिटं दाबून धरावी लागते, नाहीतर आत रक्त साकळतं. म्हणजे अजून साडेचार मिनिटं तुम्ही माझ्या हातात आहात. काय म्हणाली मधुरा?"

साडेचार मिनिटांत त्र्यंबकरावांनी मधुराविषयी सांगितलं, आणि मग आपण होऊन हेही सांगितलं, की शाळेत लस टोचणारे आले तेव्हा ते कौलांवर चढून बसले होते आणि शिपायाने शिडी लावून उतरवलं होतं. पत्नीलाही हे ठाऊक नव्हतं. मग त्यांनी डाव्या हाताने शेरा लिहिला, कारण उजवा अजून एस्तेरबाईंकडे होता: 'यंत्राला बोलण्याचा परवाना देण्यात येत आहे. टोचण्याचं काम सिस्टरांकडेच राहावं.'

यंत्राने मंडळासमोर नमुना घेतला नाही, तेव्हा हुकूमही लागू झाला नाही. डॉ. मुजावरांनी तो एस्तेरबाईंकडून मागून घेतला आणि त्याचे आठ तुकडे केले. एस्तेरबाई खुर्चीवर बसल्या. मग पिशवीतली जुनी चप्पल काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

शर्वरी मात्र यंत्राची नोंदवही उघडून बसली होती. दुपारच्या जेवणालाही ती उठली नाही.

"सर, इकडं या," ती म्हणाली. "हे बघा. साहेबांना शांत करायला त्याच्याकडं दुसरंही खरं वाक्य तयार होतं. 'घाई नाही, आधी चहा घ्या, नात फोनवर आहे.' नातीचा नंबरसुद्धा शोधून ठेवला होता. त्याचा अंदाज श्वास पंधरा. ते बोललं असतं तर टोचताही आलं असतं."

"मग का नाही बोललं?"

"शेजारी कारण लिहिलंय. 'सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या वाक्याला बाधा.'" तिने पानं मागे सरकवली आणि वाचता वाचता थांबली. "नऊ दहा. खाट क्रमांक बारा, बापू खोत. वाक्य: 'रणभिसे सिस्टर कापडखान्यात जाणार नाहीत.'"

मग डॉ. मुजावर हळूच म्हणाले, "बदलीचा हुकूम निरोप-जाळ्यावरच होता, त्यानं तो वाचला असणार. आणि हे खरं ठरवायचं, तर मंडळासमोर त्यानं स्वतः नमुना घ्यायचाच नाही."

"पण बापूंना एवढं सांगायची वेळ का आली? त्यांचा श्वास बघा. आठ पंचवीसला बत्तीस. चौतीस. तेहतीस. नऊ दहापर्यंत एकही वाक्य लागू पडलेलं नाही. आणि मग एकदम खाली. पाऊण तास, सर! मुकादमाचं कळल्यापासून बापूंना कशाची भीती उरली होती?"

एस्तेरबाई तोवर उठून वॉर्डाकडे चालू लागल्या होत्या.

बापू उशीला टेकून पडले होते. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. उशाशी शिऱ्याची रिकामी वाटी होती.

"बापू, सकाळी एवढं घाबरायला काय झालं होतं?"

"घाबरतंय कोन?" बापूंनी एक डोळा उघडला. "धापा टाकल्या की ते वायदं करतंय, ह्ये समद्या वॉर्डाला ठावं हाय. आक्कीनं शेळी आनवली न्हाय का? तुमीच परवा सांगितलंसा, खाली जानार म्हनून. म्या म्हटलं, आपन बी बगावं."

"पाऊण तास धापा टाकल्यात?"

"लई चिवट हाय ते. म्या म्हटलं, घोर सिस्टरांचा हाय, तर खाट खिडकीपाशी नेतो म्हनलं, नेली बी. शिरा करायला लावतो म्हनलं. त्यो शिरा आला बी, म्या खाल्ला. पन धापा काय थांबवल्या न्हाईत. शेवटाला म्हनलं, सिस्टर जानार न्हाईत. मग म्या थांबलो आन हात काढून घेतला. त्येला टोचू दिलं न्हाय."

संडासापर्यंत जाताना हा माणूस दोनदा भिंतीला टेकायचा. दिवसाला पुरेल एवढा श्वास त्याच्याकडे मोजकाच होता, आणि त्यातला पाऊण तास त्याने त्यांच्यासाठी उडवला होता. एस्तेरबाईंना रडू आवरेना. त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"आता रडत बसू नका," बापूंनी मनगट उताणं करून पुढे केलं. "डाक्टरास्नी रक्त पायजे ना? घ्या काढून."

एस्तेरबाईंनी पदराने डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि तो हात दोन्ही हातांत घेतला. नाडी अजून धावत होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी श्वास खाली बसू दे."

"बसू दे की निवांत," बापू म्हणाले. "तुमास्नी आता कुटं जायचंय?"